घरची साक्ष

गेल्या उपवासकाळात आमच्या घरात एक विचार निघाला. ज्यांच्या आयुष्याला एखाद्या वळणावर निराळी दिशा लागली, अशा नातलगांच्या व शेजाऱ्यांच्या मुलाखती घ्याव्यात, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर त्या चित्रित कराव्यात आणि पुढच्या पिढीसाठी जपून ठेवाव्यात. प्रश्न आम्ही काढावेत, चित्रण मुलांनी करावे, म्हणजे बाहेरच्या कोणाची गरज लागणार नाही. पहिली मुलाखत अर्थातच वडिलांची. ऐन चाळिशीत त्यांनी दारू सोडली आणि पुन्हा कधी तिला स्पर्श केला नाही. वडील तासभर मोकळेपणाने बोलले. कॅमेरा बंद झाल्यावर स्वयंपाकघराच्या दाराशी उभी असलेली आई एवढेच म्हणाली, "त्यांचं सगळं विचारलंत. त्या वर्षांत मी काय करत होते, ते कुणी विचारलंच नाही."

त्या वाक्याने आमची मालिका पहिल्याच भागापाशी थांबली. कोणाची साक्ष घ्यावी, ती कशी टिपावी आणि ती कोणाच्या मालकीची, या प्रश्नांचा छडा लावण्यासाठी आम्ही इतिहासाकडे वळलो.

नोकरीच्या निमित्ताने आम्ही वसई सोडून तळ्याला आलो. तळगडाच्या पायथ्याचे हे गाव. याच तालुक्यात राजपुरीच्या खाडीकडे तोंड केलेल्या डोंगरात कुड्याची बौद्ध लेणी आहेत. ही एकूण सव्वीस लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरण्यास आरंभ झाला. त्यांतील ब्राह्मी शिलालेख जेम्स बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनी 1881 साली प्रसिद्ध केले. मोठमोठ्या राजांच्या विजयगाथा तेथे नाहीत. आहेत त्या दात्यांच्या साध्या नोंदी. पण त्या वाचताना आपण एखाद्या घरात शिरल्यासारखे वाटते. सोमदेव नावाचा एक वैद्य आहे. लेणे दान करताना त्याने केवळ आपले नाव कोरविले नाही. वडील इसिरखित, नाग, इसिरखित व सिवघोस हे तीन मुलगे आणि इसिपालिता, पुसा, धमा व सपा या चार मुली, अशी सर्वांची नावे त्याने दगडावर घातली. शिवभूती नावाचा लेखनिक आपल्या दानात पत्नी नंदा हिचा उल्लेख करतो. आणि चैत्यगृहाचे एक दान तर भयिला नावाच्या ब्राह्मण स्त्रीचे आहे. तिचा पती अयितिलु हा ब्राह्मण असून बुद्धाचा उपासक होता, हेही लेखात नमूद आहे.

एका ब्राह्मण कुटुंबाने निराळ्या मार्गाची उपासना स्वीकारली आणि त्याची नोंद पत्नीच्या नावाने झाली, ही घटना आमच्या अंगणापासून फार दूरची नव्हे. परंतु शिलालेख तेवढ्यावरच थांबतो. भयिलाच्या मनात काय घडले, पतीच्या आधी की त्याच्या मागून, हे विचारणारे कोणी नव्हते. दगडाने नाव जपले. आवाज मात्र हरवला.

आवाज टिपण्याचा प्रयत्न आपल्या परंपरेत फार पूर्वी झाला आहे. इ. स. 386 मधील शरद ऋतू. मनःपरिवर्तन झालेले पण अद्याप बाप्तिस्मा न घेतलेले संत ऑगस्टिन मिलानजवळच्या कासिकियाकुम या गावी एका मित्राच्या वाडीवर राहावयास गेले. सोबत आई मोनिका, भाऊ नाविगियुस, मुलगा आदेओदातुस, दोन चुलत-मावस भाऊ आणि दोन शिष्य असा गोतावळा होता. सुख म्हणजे काय, सत्य कसे गवसते, यावर तेथे रोज संवाद होत आणि एक लघुलेखक तो जसाच्या तसा उतरवून घेई. एकदा मोनिका आत आल्या. त्यांचे येणे व त्यांचा प्रश्न लिहून घेण्यास ऑगस्टिन यांनी सांगताच त्या चकित झाल्या. तुम्ही वाचता त्या ग्रंथांत बायकांना अशा चर्चेत कधी घेतले आहे काय, असा त्यांचा सवाल होता. मुलाने तो सवालही नोंदवून घेतला. कुटुंबाने मांडलेली ही मुलाखतमालाच नव्हे काय? पुढील वर्षी, 387 च्या पुनरुत्थानाच्या सणाला, ऑगस्टिन व आदेओदातुस यांनी संत अँब्रोज यांच्या हस्ते बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी मोनिका ओस्तिया येथे निवर्तल्या. आदेओदातुसही अल्पवयातच गेला. त्याच्याशी झालेल्या संवादाचे पुस्तक मात्र राहिले आणि त्यातील मुलाच्या तोंडचे विचार खरोखर त्याचेच आहेत, अशी ग्वाही पित्याने आपल्या 'कबुलीजबाबा'त दिली. वेळेवर टिपले म्हणून ते उरले.

आपल्या मराठीत याचे सर्वांत जवळचे उदाहरण टिळक घराण्याचे. कोकणात 1861 साली जन्मलेले कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर आभाळ कोसळले. काही वर्षे उभयतांची ताटातूट झाली. ज्या माहेरी घरात येणारे जिन्नससुद्धा धुऊन घेण्याइतके सोवळे होते, तेथे त्या वाढलेल्या. पुढे जातिभेदाची एकेक गाठ त्यांनी स्वतःच सोडविली आणि 1900 साली त्याही ख्रिस्ती झाल्या. टिळक 1919 साली वारले. त्यांचे चरित्र लिहावे म्हणून पुत्र देवदत्त यांनी आईकडे आठवणी मागितल्या. शाळेचा फारसा संस्कार नसलेल्या लक्ष्मीबाईंनी त्या आपल्या बोलीत सांगितल्या. मुलाच्या ध्यानात आले की वडिलांच्या चरित्राची ही सामग्री नव्हे. आईचे स्वतंत्र पुस्तकच आपल्या हाती आले आहे. 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई 1936 साली निवर्तल्या. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी त्या ग्रंथाची संपादित आवृत्ती सिद्ध केली. तीन पिढ्यांनी मिळून एक साक्ष जपली.

टिळक प्रोटेस्टंट पंथाचे, आपण कॅथलिक. तरी हा धडा आपल्यालाही लागू आहे. देवदत्तांनी आईची भाषा 'शुद्ध' करून छापली असती, किंवा केवळ पतीविषयीचा मजकूर वेचून घेतला असता, तर मराठी साहित्य केवढ्या ठेव्याला मुकले असते! लक्ष्मीबाई पतीचे विक्षिप्तपण लपवीत नाहीत, आपला रागही लपवीत नाहीत. म्हणूनच त्यांचे परिवर्तन खरे वाटते. एकाच्या जीवनाला मिळालेले वळण दुसऱ्याला कोणत्या किमतीस पडले, हे घरातील माणसालाच ठाऊक असते.

आम्ही मालिका पुन्हा सुरू केली आहे. आता काही नियम ठरविले आहेत. चित्रणापूर्वी संमती घ्यावयाची आणि नंतर ते प्रथम त्याच व्यक्तीस दाखवावयाचे. तिने नको म्हटलेला भाग पुसून टाकावयाचा. बोली बदलावयाची नाही. ज्याचे परिवर्तन झाले त्याच्याइतकेच, ज्याने ते सोसले त्यालाही विचारावयाचे.

दुसरी मुलाखत आईची झाली. ती वडिलांपेक्षा थोडी आणि थांबत थांबत बोलली. त्या वर्षांत रात्री दाराची कडी न लावता ती जागी बसत असे, हे आम्हांस प्रथमच कळले. वडील समोरच बसले होते. तेही ते प्रथमच ऐकत होते. मुलाने विचारले, "आजी, हे ठेवू की पुसू?" ती वडिलांकडे पाहू लागली. वडील म्हणाले, "ठेव."