लग्नाची डिस्क

2000 नंतरच्या वर्षांत आम्ही बऱ्याच जणी लग्न होऊन अमेरिकेत गेलो. बॅगेत मेतकूट, लोणचं आणि साड्यांच्या घडीत डीव्हीडी. तिथल्या प्लेअरवर त्यातल्या कितीतरी चालेचनात.

डीव्हीडी 1996 साली जपानात आणि 1997 साली अमेरिकेत आली, तेव्हाच सिनेमा कंपन्यांच्या आग्रहाने जगाचे सहा भाग पाडले गेले. अमेरिका पहिल्या भागात, जपान आणि युरोप दुसऱ्यात, भारत पाचव्यात. एका देशात सिनेमा थिएटरला लागायच्या आत दुसरीकडून त्याची डिस्क येऊ नये, हा हेतू. आमच्या बॅगांचा विचार त्यात कुठला!

पण घरच्या लग्नाच्या डिस्कला असलं कुलूप कोण घालणार? तरी तीही चालेना. तिथे अडचण चित्राच्या पद्धतीची होती. आपल्याकडे पाल, 625 रेषा, सेकंदाला 25 चित्रं. तिकडे एनटीएससी, 525 रेषा, जवळजवळ 30 चित्रं. म्हणजे प्लेअर सगळ्या भागांचा हवा, शिवाय पालचं चित्र बदलून देणाराही हवा. दुकानात हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे, हे आम्ही एक प्लेअर परत करून शिकलो.

संगणकावर लग्नाची डिस्क दिसे. सिनेमांसाठी मात्र भाग पाचदाच बदलता येई, मग शेवटचा कायमचा.

शेवटी एका भारतीय वाणसामानाच्या दुकानात, तांदळाच्या पोत्यांशेजारी, हवा तो प्लेअर मिळाला. आमच्यातल्या एकीच्या डिस्कमध्ये तिची आजी उखाणा घेते. आजी तोवर गेली होती. त्या संध्याकाळी आम्ही तो उखाणा चारदा लावला.