अंतर तेच, वेळ निराळी

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. ते पूर्वीही तेवढेच होते. बदलली ती वेळ. बोटीने सुमारे तीन आठवडे लागत. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाच्या 'मलबार प्रिन्सेस' विमानाने ३५ प्रवाशांसह मुंबई सोडली आणि कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत १० जूनला लंडन गाठले. आज थेट विमानास सुमारे दहा तास पुरतात.

पूर्वी शिरूर-दौंडकडे कोणी निवर्तले, तर परदेशातील मुलास पत्र पोचण्याआधीच माती होऊन जाई. आता त्याच्यासाठी आम्ही दफनविधी दुसऱ्या दिवसावर ठेवतो. मुलगा मुंबईस वेळेवर उतरतो खरा. पण पुढे दौंडला निदान रेल्वे आहे, शिरूरला तीही नाही! घाट आणि पुण्याची गर्दी ओलांडून तो येईतो शवपेटी उघडीच असते.