शुगरची सुरुवात आईच्या पोटात : पुणे-मुंबईचं संशोधन आणि आपल्या मुलींचं ताट

जळगाव-धुळ्याकडे शुगरचा विषय निघाला की बोलणं चाळिशी ओलांडलेल्या माणसांवर येतं. सुटलेलं पोट, दिवसातून सहा वेळा गोड चहा, लग्नातला जर्दा. "वय झालं, वजन वाढलं, लागली शुगर," असं आपण म्हणतो आणि पुढे जातो. हा समज खोटा नाही, पण अर्धाच आहे. उरलेली अर्धी गोष्ट आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याच्या केईएम रुग्णालयात अनेक वर्षं चाललेल्या संशोधनातून पुढे आली. तिचा संबंध घरातल्या अब्बांपेक्षा बारावीत शिकणाऱ्या मुलीशी जास्त आहे.

आधी थोडं शरीराबद्दल. हार्मोन म्हणजे ग्रंथींमधून थेट रक्तात सुटणारा रासायनिक निरोप. थायरॉईडचा एक, अंडाशयाचे वेगळे, स्वादुपिंडाचा इन्सुलिन. जेवणानंतर रक्तात आलेली साखर स्नायूंमध्ये आणि यकृतात भरायला लावणं हे इन्सुलिनचं मुख्य काम. स्नायू हे साखरेचं सगळ्यात मोठं गोदाम. गोदाम लहान असेल, किंवा पोटातल्या चरबीमुळे त्याचे दरवाजे नीट उघडत नसतील, तर तेच काम करायला जास्त इन्सुलिन लागतं. स्वादुपिंड काही वर्षं जास्त इन्सुलिन बनवून वेळ मारून नेतं. एक दिवस ते कमी पडायला लागतं आणि रक्तातली साखर वर राहते. साखर खाल्ली म्हणून शुगर झाली, एवढा सरळ हा हिशेब नाही.

पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९८० च्या दशकापासून मधुमेहाच्या रुग्णांचा बारकाईनं अभ्यास सुरू केला. परदेशी पुस्तकांत मधुमेहाचा रुग्ण वयस्कर आणि लठ्ठ असायचा. पुण्याच्या ओपीडीत येणारे तुलनेनं तरुण होते आणि वजनकाट्यावर लठ्ठही ठरत नव्हते. मात्र चरबी होती, ती पोटाभोवती. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आमच्या मते शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात छापावा असा हा फोटो आहे. 'बारीक आहे म्हणजे तब्येत चांगली' हे वाक्य त्यापुढे टिकत नाही.

मग प्रश्न आला, हे शरीर असं घडतं कधी? इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी दाखवलं होतं की कमी वजनाची जन्मलेली बाळं मोठेपणी हृदयविकाराला जास्त बळी पडतात. पुण्याच्या पथकानं बार्कर यांच्या साउदॅम्प्टनच्या सहकाऱ्यांबरोबर १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत काम सुरू केलं. लग्न झालेल्या, अजून गरोदर न राहिलेल्या तरुण स्त्रियांपासून सुरुवात केली. त्या काय खातात, किती कष्ट करतात, रक्तात काय कमी आहे हे नोंदवलं. पुढे बाळ जन्मलं की त्याचं वजन, लांबी, दंडाचा घेर, पाठीवरच्या कातडीखालची चरबी मोजली. ती बाळं आज तिशीच्या आसपासची माणसं आहेत.

या खेड्यांतल्या बाळांचं जन्माच्या वेळचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. हा फरक अपेक्षितच होता. धक्का बसला तो पुढच्या मापांनी. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. हाडकुळं दिसणारं बाळ जन्मतःच चरबी सांभाळून आलं होतं. पोटात अन्नाची टंचाई असली की गर्भ मेंदू वाचवतो, चरबीची शिल्लक ठेवतो आणि काटकसर करतो ती स्नायूंवर. म्हणजे साखरेचं गोदाम जन्माआधीच लहान बांधलं जातं.

हीच मुलं १८ वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली. जवळजवळ निम्मी मुलं कमी वजनाची होती. तरीही मुलग्यांपैकी सुमारे ३७ टक्के आणि मुलींपैकी सुमारे १८ टक्के जणांची साखर सामान्य मर्यादेच्या वर गेलेली होती. बहुतेकांना अजून मधुमेह नव्हता, त्याच्या अलीकडची पायरी होती. पण वय १८, शेतकरी घरं, बारीक अंग, आणि तरीही ही अवस्था.

आता आहाराचा भाग, जिथे आपल्या घरांचा थेट संबंध येतो. या अभ्यासात ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं जास्त भरलेली जन्मली. रक्ताच्या तपासणीत तर दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व कमी निघालं. फॉलिक ॲसिडची कमतरता जवळपास कुणातच नव्हती. मुलं सहा वर्षांची झाल्यावर दिसलं की ज्या आयांचं फॉलिक जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिन सगळ्यात कमी प्रभावी ठरत होतं. म्हणजे तेवढ्याच साखरेसाठी त्यांच्या शरीराला जास्त इन्सुलिन बनवावं लागत होतं.

इथे एक गैरसमज होऊ देऊ नये. हे वाचून कुणी फॉलिक ॲसिडची गोळी बंद करू नका. बाळाच्या मेंदूत आणि मणक्यात जन्मजात दोष राहू नये म्हणून ती गोळी लागतेच. सांगायचं इतकंच की ती एकटी पुरत नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांत सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी द्यायची योजना आहे, ती वाटणं आम्हा शिक्षकांचंच काम. तिच्यात लोह असतं, फॉलिक ॲसिड असतं. बी-१२ नसतं. ते ताटातून यावं लागतं आणि नैसर्गिकरीत्या ते फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नात असतं : दूध, दही, अंडं, मासे, गोश्त, कलेजी. भाजी कितीही ताजी असली तरी तिच्यात ते नाही.

"मग आपल्याला काय चिंता, आपल्याकडे तर गोश्त शिजतं," असं काही अम्मी आम्हाला म्हणतात. शिजतं, मान्य. पण किती दिवसांनी, आणि बोटी कुणाच्या ताटात जाते? धुळ्यात यंत्रमागावर किंवा जळगावात हमालीवर चालणाऱ्या घरात गोश्त बहुधा आठवड्यातून एखाद्या दिवशी येतं. आधी पाहुणे, मग मर्द लोक, मग लहान मुलं. सून आणि मोठी मुलगी शेवटी बसतात, तेव्हा पातेल्यात शोरबा आणि बटाटा उरलेला असतो. शोरब्याला चव असते, पण पोषण बऱ्यापैकी बोटीबरोबर निघून गेलेलं असतं. मुलगी सकाळी चहा-खारी खाऊन शाळेत येते, ती वेगळीच गोष्ट. गरिबी आहेच, आम्ही ती नाकारत नाही. पण असलेलं वाटायचं कसं हा प्रश्न गरिबीचा नाही. दोन अंडी असतील तर त्यातलं एक मुलीचं, हे घरातल्या मोठ्यांनी ठरवायचं आहे.

ताटानं खरंच फरक पडतो का, याची परीक्षा मुंबईत झाली. २००६ ते २०१२ या काळात तिथल्या झोपडपट्ट्यांतल्या ६,५१३ स्त्रियांना गरोदर राहण्याच्या आधीपासून रोज एक नाश्ता देण्यात आला. दिसायला समोसा-वडीसारखाच पदार्थ. एका गटाच्या नाश्त्यात पालेभाजी, फळ आणि दूध होतं, दुसऱ्या गटाच्या नाश्त्यात बटाटा-कांद्यासारखं कमी पोषणाचं सारण. सगळ्यांच्या बाळांचं वजन वाढलं असं झालं नाही. पण ज्यांनी गरोदरपणाच्या किमान तीन महिने आधीपासून चांगला नाश्ता खाल्ला होता त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनं जास्त भरली. साखरेच्या बाबतीत फरक याहून ठळक. ज्यांची तपासणी झाली त्यांच्यात गरोदरपणातला मधुमेह पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के, दुसऱ्या गटात १२.४ टक्के. गोळी नाही, इंजेक्शन नाही, रोजचा एक पदार्थ.

यातला 'आधीपासून' हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याकडे खाण्यापिण्याची काळजी सातव्या महिन्याच्या गोदभराईच्या आसपास सुरू होते. बाळाचे अवयव त्याच्या कितीतरी आधी घडलेले असतात. पुण्याच्या पथकानंही २०१२ मध्ये त्याच खेड्यांतल्या किशोरवयीन मुलामुलींना बी-१२ द्यायला सुरुवात केली, ती याच कारणानं. खानदेशात पालेभाज्यांची कमी नाही. मेथी, शेपू, अंबाडी, तांदुळजा बाजारात असतात, हंगामात मेहरुणची बोरं असतात, केळी तर आपल्या घरचीच. कळण्याच्या भाकरीबरोबर पालेभाजी आणि वाटीभर दही, यात महाग काही नाही. कलेजी लग्नाआधीच्या वयात जरूर द्यावी. गरोदरपणात मात्र डॉक्टरांना विचारून, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार जास्त असतं.

पाळी तीन-तीन महिने न येणं, चेहऱ्यावर लव वाढणं, मानेवर काळपट पट्टा येणं यांचाही इन्सुलिनशी संबंध असू शकतो. रक्तात इन्सुलिन जास्त राहिलं की अंडाशयात पुरुषी हार्मोन जास्त बनायला लागतात, याला पीसीओएस म्हणतात. रिश्ता जुळायला अडचण येईल म्हणून आया हे लपवतात. लपवल्यानं वर्षं जातात. बारीक मुलींनाही हे होतं.

गरोदरपणातल्या शुगरची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते आणि त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. आकडा १४० किंवा जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह धरून उपचार सुरू होतात. ही तपासणी पहिल्या भेटीत, आणि तेव्हा ठीक निघाली तर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा. प्यायल्यानंतर अर्ध्या तासात उलटी झाली तर ती धरू नका, दुसऱ्या दिवशी परत जा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची खास तपासणी असते.

शुगर निघाली आणि रमजान जवळ असेल तर डॉक्टरांशी आणि आलिमांशी महिना-दीड महिना आधी बोलून घ्यावं. इन्सुलिन चालू असलेल्या गरोदर बाईसाठी रोजा जोखमीचा आहे आणि आजारी माणसाला शरीअतनं सवलत दिलेली आहे. बोटातून थेंबभर रक्त तपासल्यानं रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलमांचं मत आहे. मधुमेह असलेल्या कुणाचीही साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा लगेच सोडावा, असं डॉक्टर सांगतात.

बाळंतपणानंतर साखर बहुधा खाली येते आणि घर निश्चिंत होतं. अशा बाईची तपासणी सहा आठवड्यांनी पुन्हा करायची असते आणि त्यानंतर दरवर्षी. ही चिठ्ठी बाळाच्या लसीकरणाच्या कार्डातच ठेवावी, म्हणजे हरवत नाही.