वळणांचा हिशेब

मोटरसायकलवर फिरणाऱ्या मंडळींचे दोन पंथ आहेत. एकाला घाटातली हेअरपिन वळणं आवडतात: ब्रेक, पहिला-दुसरा गिअर, झप्पकन वळायचं आणि पुन्हा चढायला लागायचं. दुसऱ्या पंथाला लांब, ऐसपैस वळणं हवी असतात. मी या दुसऱ्या पंथातला. १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ६० किलोमीटरने गेलं की गाडी साधारण १६ अंश कलते. पाव वर्तुळाचं वळण असेल तर त्या कललेल्या अवस्थेत नऊएक सेकंद मिळतात. ना ब्रेक, ना गिअर. ज्यांनी ते नऊ सेकंद अनुभवलेत त्यांना काही सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही!

पण अशी वळणं सापडतात कुठे? आणि मुळात रस्ते वळतात का? या प्रश्नाच्या मागे लागलं की आपण थेट इतिहासात जाऊन पोचतो.

सह्याद्रीतल्या सगळ्यात जुन्या वाटा फारशा वळतच नाहीत. नाणेघाट आठवा. सातवाहनांच्या काळातला, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी मार्ग. खिंडीतून दगडी पायऱ्यांची वाट सरळ खाली कोकणात उतरते. पाठीवर गोण्या घेतलेला बैल पायऱ्या चढतो, माणूसही चढतो. चाक मात्र चढत नाही.

वळणं आणली ती चाकाने, खरं तर बैलगाडीने. उतारावर गाडीचं सगळं ओझं बैलांच्या मानेवर येतं, चढावर त्यांना दम लागतो. म्हणून गाडीरस्त्याचा चढ सौम्य हवा, साधारण २० फुटांना १ फूट. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतचा चढ ५०० मीटरच्या आसपास आहे. या हिशेबाने रस्त्याची लांबी १० किलोमीटर हवी. डोंगर तेवढी सरळ जागा देत नाही, मग रस्त्याची घडी घालावी लागते. ती घडी म्हणजे हेअरपिन. बोरघाटाचा गाडीरस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८३० साली खुला झाला आणि देशावरचा माल चाकांवरून कोकणात उतरायला लागला. आजही डोंगरी रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं प्रमाण ५ टक्के चढाचं आहे, म्हणजे पुन्हा २० ला १. बैल गेले, त्यांचा दम मात्र रस्त्यात राहिला.

थोडक्यात, हेअरपिन उंचीपायी येते. लांब वळण येतं ते रस्ता उंची न बदलता डोंगराच्या अंगाने चालतो तेव्हा. सोंड आली की बाहेर, ओहोळ आला की आत. हे नकाशावर आधीच दिसतं. सर्व्हे ऑफ इंडियाचा ५० हजारी नकाशा घ्या किंवा इंटरनेटवरचा उंचसखलपणा दाखवणारा नकाशा उघडा. समोच्चरेषांना कापत जाणारा रस्ता पहिल्या पंथाचा. समोच्चरेषांना धरून जाणारा आपला. एवढी एक युक्ती कळली की रविवार वाया जात नाहीत.

ही युक्ती वापरली की बोट फार वेळा एकाच प्रकारच्या जागी थांबतं: धरणाच्या जलाशयाकाठी. आणि त्याचं कारणही सरळ आहे. पाण्याची कड हीच मुळी एक समोच्चरेषा. तिच्या काठाने जाणारा रस्ता आपोआप लांब, संथ वळणं घेतो. पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणीकडे जाताना मुळशीच्या पाण्याकाठचा रस्ता आठवून बघा. पावसाळ्यात तिथे बाइकवाल्यांची रीघ लागते.

आता त्या पाण्याचा इतिहास. नदीचं खोरं असलं की वस्ती तळाला असते. सपाट जमीन, पाणी, भाताची खाचरं सगळी तिथेच. मुळशी पेट्यात तशी सुमारे पन्नास गावं होती. मुंबईसाठी वीज करायला टाटांनी तिथे धरण आखलं आणि १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून 'सेनापती' झाले. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. धरण झालं. ते पाणी भिऱ्याला कोकणात उतरतं, वीज बनते. जनित्रं फिरली, मुंबई उजळली आणि भाताच्या जमिनी पाण्याखाली गेल्या.

म्हणजे ज्या वळणावर मी ते नऊ सेकंद कललेला असतो, ते वळण कोणाच्या तरी खाचराच्या वरच्या काठाचं आहे. हे कळल्यावर मी तिथे जाणं सोडलेलं नाही. सोडून काही परतही येणार नाही. पण 'काय मस्त लेक आहे!' असं म्हणणारा सोबत असला की टपरीवर चहा घेताना त्याला ही गोष्ट सांगतो. काहींना कंटाळा येतो. काही जण पुन्हा पाण्याकडे बघतात.

इकडे वळणांचे दिवस भरत आलेत. कशेडी घाटाला बोगदा झाला, ठिकठिकाणी रुंदीकरणात रस्ते सरळ होतायत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. वळणं काय देखणी आहेत त्याची! पण दुचाकीला तिथे बंदी. बोगद्याविरुद्ध माझं भांडण नाही. आजारी माणसाला तालुक्याहून शहरात नेणाऱ्या गाडीला वळणांचं कौतुक नसतं. फक्त एवढंच वाटतं, की सरळ रस्त्यावर खालच्या गावाची आठवण करून देणारं काही उरत नाही. वळण निदान विचारायला लावतं, मी इथे का वळलो?

असो. घरच्या मंडळींसाठी खास सूचना: हेल्मेट असतं, पावसात शेवाळ आणि खडी बघूनच गाडी कलवतो, आणि म्हशींना नेहमी पहिला मान देतो. काळजी नसावी.