ब्रेकमधली हवा

गेल्या गणपतीत आरतीचे तबक फिरवताना एका तरुण मित्राची नजर माझ्या नखांकडे गेली. तो सॉफ्टवेअरवाला, मनात येईल ते बोलून टाकणारा. "काका, हे काळं काय?" मी म्हटले, "सकाळी ब्रेकची हवा काढत होतो." त्यावर तो हसला. "हवा टायरमध्ये असते, काका. ब्रेकमध्ये कशी असेल?" तेवढ्यात मंत्रपुष्पांजली सुरू झाली आणि विषय तिथेच राहिला. पण त्याचा प्रश्न रास्त होता. ब्रेकमध्ये हवा नसायलाच हवी. ती नसावी म्हणून गेली शंभर वर्षे जी खटपट चालू आहे, तिच्यात मी, आमची सौ. आणि एक बोटाच्या पेराएवढा स्क्रू असे तिघे फार उशिरा सामील झालो. पण हकिगत आमच्यापासून सुरू होत नाही.

माझ्यापुरती ती पुण्यात, काकांच्या फियाटपासून सुरू होते. ब्रेक "स्पंज" झाला की गाडी नाना पेठेतल्या एका गॅरेजात जायची. मिस्त्री चाकामागे आडवा व्हायचा आणि गॅरेजातला पोऱ्या पेडलवर बसायचा. बसायचा म्हणजे अर्धा उभाच, कारण त्याचा पाय पोचत नसे. मग सुरू व्हायचे: "मार! मार! मार! धरून ठेव!" चाकाकडे निपल सैल व्हायचा, नळीतून फसफसत ब्रेक ऑइल डालड्याच्या डब्यात पडायचे, पोऱ्याचा पाय खाली जायचा, मिस्त्री निपल आवळायचा आणि म्हणायचा, "सोड!" हे चारही चाकांना, वीस-वीस वेळा. पोऱ्याने एकदा जरी आधी सोडले तरी बाहेरची हवा उलट आत ओढली जायची, सगळे पुन्हा पहिल्यापासून, आणि पोऱ्याच्या मातुःश्रींचा उद्धार व्हायचा तो वेगळाच.

यातले शास्त्र शाळेत आपण सगळेच शिकलो आहोत. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे सतराव्या शतकात पास्कलने सांगितले. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, म्हणून पावलाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत जातो. हवा मात्र दाबली जाते. मास्टर सिलिंडरचा व्यास २२ मिलिमीटर धरा. नळीत कुठेतरी एक घन सेंटीमीटर हवा अडकली, तर ती दाबण्यात पिस्टनची अडीच मिलिमीटरहून जास्त चाल फुकट जाते. पेडलची तरफ चारास एक धरली तर पावलाखाली एक सेंटीमीटरची पोकळी झाली. चमचाभरही नाही एवढ्या हवेने हे होते. तीन-चार चाकांत थोडी थोडी राहिली, तर पेडल थेट जमिनीला टेकते आणि गाडी आपल्या मार्गाने चालू राहते.

मोटारी आल्या तेव्हा ही कटकट नव्हती, कारण ब्रेकमध्ये द्रवच नव्हता. सळया, तारा आणि तरफा होत्या, आणि बहुतेक गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना. पुढची चाके वळतात, त्यांच्यापर्यंत सळई नेणे अवघड. नेली तरी चारही चाकांना सारखा जोर मिळेना. एक चाक आधी धरले की गाडी तिकडे ओढली जाई. यावर तोड काढली माल्कम लॉकहीड याने. त्याचे खरे आडनाव लिहायचे "लॉगहेड" असे काहीतरी आणि उच्चारायचे लॉकहीड. अमेरिकनांना ते नीट म्हणता येईना, म्हणून त्याने स्पेलिंग सोपे करून टाकले. (आपल्यातल्या किती कुलकर्ण्यांनी आणि धर्माधिकाऱ्यांनी इथे हेच केले आहे, ते सांगायला नको.) भाऊ अ‍ॅलन याच्याबरोबर त्याने कॅलिफोर्नियात विमाने बांधली. १९१९ साली त्या धंद्यातून तो बाहेर पडला आणि द्रवाच्या ब्रेकसाठी डेट्रॉइटला आला. पुढे १९२६ साली अ‍ॅलनने नवी विमान कंपनी काढली तेव्हा माल्कमच्या ब्रेकवरचे सोपे स्पेलिंगच तिला दिले. म्हणजे आज विमानांमुळे जगाला माहीत असलेले नाव आधी ब्रेकवर होते.

१९२१ साली ड्यूसेनबर्ग कंपनीने चारही चाकांना द्रवाचे ब्रेक असलेली गाडी बाजारात आणली. त्याच वर्षी जुलैत फ्रान्समधल्या ल मान्सला फ्रेंच ग्रां प्रीमध्ये जिमी मर्फी हा अमेरिकन ड्रायव्हर अशाच ब्रेकची ड्यूसेनबर्ग घेऊन उतरला. सरावात अपघात होऊन तो जायबंदी झाला होता. रस्ता असा उखडला होता की चाकांखालून दगड उडत होते. तरी तो जिंकला. अमेरिकन गाडीत बसून अमेरिकन ड्रायव्हरने ही शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ. प्रतिस्पर्धी वळणापाशी जिथे वेग कमी करू लागत, त्याच्या पुढे जाऊन मर्फीला ब्रेक लावता येई. ब्रेक चांगला असला की गाडी जास्त वेगाने चालवता येते, हे उलटे वाटणारे सत्य तिथे लोकांना दिसले.

पण शर्यत जिंकणे वेगळे आणि सामान्य माणसाच्या दारात गाडी उभी करणे वेगळे. लॉकहीडच्या मूळ रचनेत चामड्याच्या वाट्या होत्या आणि त्या गळत. जिथून द्रव बाहेर येतो तिथून हवा आत जाते. वॉल्टर क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी रबराच्या वाट्या बसवून ही रचना सुधारली आणि १९२४ च्या जानेवारीत न्यू यॉर्कला पहिली क्रायस्लर गाडी लोकांपुढे ठेवली ती चारही चाकांच्या द्रव ब्रेकसह. मोटार प्रदर्शनात तिला जागा नव्हती, म्हणून कमोडोर हॉटेलच्या लॉबीत ती मांडली, आणि गर्दी तिथेच लोटली. १९२८ साली स्वस्त प्लिमथलाही हेच ब्रेक आले. हेन्री फोर्डचा मात्र या पाण्यासारख्या गोष्टीवर विश्वास बसेना. नळी फुटली तर काय, असे त्याचे म्हणणे; पोलादी सळई काही गळत नाही. त्याने १९३९ च्या मॉडेलपर्यंत दम धरला. म्हाताऱ्याची शंका अगदीच खुळी नव्हती. एकच नळी फुटून चारही ब्रेक जाऊ नयेत म्हणून अमेरिकन सरकारने दोन वेगळ्या शाखांची सक्ती केली, ती १९६८ साली.

त्या जुन्या ब्रेकमध्ये द्रव कोणता होता? ड्यूसेनबर्गमध्ये पाणी आणि ग्लिसरिन. नंतर बरीच वर्षे अल्कोहोल आणि एरंडेल! लहानपणी दर रविवारी नाक दाबून जे पाजले गेले, ते जगभरच्या मोटारींनाही पाजले जात होते, हे वाचून मला सूड उगवल्यासारखे वाटले. आता ग्लायकोलची मिश्रणे असतात. आपण भारतात त्याला "ब्रेक ऑइल" म्हणतो, पण ते तेल नव्हे. खनिज तेल चुकून घातले तर रबरी वाट्या फुगून ब्रेकचा सत्यानाश होतो. ग्लायकोलची खोड अशी की ते हवेतला ओलावा पिते. अमेरिकन मानकाप्रमाणे डॉट ३ जातीचा द्रव नवा असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. पावणेचार टक्के पाणी शोषले की ही मर्यादा १४० वर येते. घाटात ब्रेक तापला, द्रव उकळला, की वाफ होते. आणि वाफ हवेसारखीच दाबली जाते. १९५३ साली जॅग्वारने डिस्क ब्रेकवर ल मान्सची चोवीस तासांची शर्यत ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरीने जिंकली. त्यानंतर स्पोर्ट्‌स गाड्यांत डिस्क आल्या, तशी उष्णताही द्रवाच्या जवळ आली. म्हणून दर दोन वर्षांनी जुना द्रव काढून नवा भरायचा, हवा काढायची. म्हणजे पुन्हा मिस्त्री आणि पोऱ्या.

आमचा या क्रायस्लर मंडळींशी एक जुना धागा आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तेव्हा करार क्रायस्लरशी केला. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज आणि प्लिमथ बाहेर पडल्या, फियाट नंतर. काकांच्या फियाटखाली आडवा झालेला तो मिस्त्री डेट्रॉइटचाच वारसा चालवत होता, फक्त त्याला ते ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

मी डेट्रॉइटजवळ नोकरीला आलो, मुले मोठी झाली, आणि धाकटा कॉलेजला गेल्याच्या वर्षी मी एक जुनी, १९९० ची लाल मियाटा घेतली. दोनच सीट्‌स. मंडळात कुजबुज झाली. पण गाडी हलकी, साधी, चारही चाकांना डिस्क, आणि सगळे काही हाताला लागणारे. पोऱ्याच्या जागी सौ. आली. पहिल्या दिवशी मी ओरडलो, "मार! धरून ठेव!" ती म्हणाली, "अहो, ही काय बोलायची पद्धत?" तेव्हापासून आमची भाषा ठरली. मी म्हणायचो "दाब", ती दाबून म्हणायची "दाबलं". मी निपल उघडून बंद करायचो, म्हणायचो "सोड", ती म्हणायची "सोडलं". मध्ये ती फोनवर बहिणीशीही बोलायची, पण ताल कधी चुकला नाही. दहा-बारा वर्षे असे चालले. मग तिचा गुडघा गेला. एका वर्षी तिसऱ्या चाकाला "दाबलं" यायला उशीर झाला. वाकून पाहिले तर ती दोन्ही हातांनी मांडी दाबून पाय खाली ढकलत होती.

त्या हिवाळ्यात मी झडपेचा स्क्रू मागवला. साधा निपल पोकळ असतो. सैल केला की द्रवाला दोन्ही दिशा मोकळ्या. या स्क्रूच्या पोटात एक छर्रा आणि बारीक स्प्रिंग असते. पेडल दाबले की छर्रा उठतो, हवा आणि द्रव बाहेर. पेडल सोडले की छर्रा बसतो, आत काही येत नाही. स्क्रू पाव-अर्धा फेरा सैल करायचा, नळी बाटलीत सोडायची आणि स्वतःच सीटवर बसून सावकाश पेडल मारायचे. पोऱ्या त्या छर्‍यात आला.

निवडताना घाई करू नये. जुना स्क्रू काढून मापावा. आट्यांचा व्यास ८ मिलिमीटर की १०, आट्यांमधले अंतर १.२५ की १.०, आणि लांबी. जाड आट्याचा स्क्रू बारीक आट्यात दोन फेरे जातो, मग जोर केला की कॅलिपर बाद. लांबीने फसलात तर टोकाचा शंकू जागेवर बसत नाही आणि गळती राहते. मी स्टेनलेसचे घेतले, कारण मिशिगनच्या रस्त्यावरचे मीठ साध्या पोलादाला दोन हिवाळ्यांत खाते. ॲल्युमिनियमच्या कॅलिपरला मात्र स्टेनलेस लावण्यापूर्वी विचार करावा, तिथे दोन धातू एकमेकांना धरून बसतात. जुने स्क्रू काढायला आदल्या रात्री गंजनाशक तेल सोडावे आणि सहा कोनांचाच रिंग पाना वापरावा. पोकळ स्क्रू तुटला की दिवस गेला. कॅलिपर उतरवलेच असतील तर डावे-उजवे बदलू नयेत. हवा वर चढते म्हणून निपल सगळ्यात वर असतो. अदलाबदल झाली की तो खाली जातो आणि जन्मभर पंप केले तरी हवा निघत नाही. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवावा, म्हणजे पिस्टन सिलिंडरच्या न वापरलेल्या, गंजक्या भागात जाऊन रबर फाडत नाही.

पहिल्या वर्षी अर्ध्या तासात काम झाले. मी खूश. तिसऱ्या वर्षी नळीत बारीक बुडबुडे येतच राहिले. मी समजलो, नळी सैल असेल. स्क्रू आवळले, हात धुतले, चहा घेतला. नातू आला होता, चार वर्षांचा. त्याला फेरी मारायचे कबूल केले होते. तो ड्राइव्हवेच्या टोकाला आजीचे बोट धरून उभा होता. आमचा ड्राइव्हवे रस्त्याकडे उतरता. मी गाडी मागे सोडली आणि पेडल दाबले. ते खाली गेले. पुन्हा दाबले. पुन्हा खाली. आरशात लाल स्वेटर दिसत होता. हात आपोआप हँडब्रेककडे गेला आणि गाडी त्यांच्यापासून दोन हातांवर थांबली. हँडब्रेक म्हणजे चाकापर्यंत गेलेली पोलादी तार. म्हाताऱ्या फोर्डचा ब्रेक.

कारण संध्याकाळी सापडले. या स्क्रूच्या आट्यांवर एक सीलचा थर असतो. दर वेळी उघडताना तो थोडा झिजतो. तो गेला की पेडल परत येताना हवा छर्‍याला वळसा घालून आट्यांतून आत येते. दर पंपाला मी हवा काढत होतो आणि तितकीच भरत होतो. थर पुन्हा लावायची पेस्ट मिळते. मी तो कागद वाचला नव्हता. त्याहून मोठी चूक म्हणजे निघण्यापूर्वी, गाडी जागच्या जागी असताना, पेडल दाबून पाहिलेच नव्हते. सौ. बसायची तेव्हा ते तिच्या पायाने आपोआप पाहिले जायचे. छर्‍याला तेवढे कळत नाही.

ती त्या दिवशी मला काही बोलली नाही. नंतर गुडघा बदलला, पण चार चाकांची कवायत मी तिला पुन्हा करू दिली नाही. हवा मी एकटाच काढतो, स्क्रू तेच, पेस्ट दरवर्षी नवी. सगळे झाले की मात्र ती येऊन बसते, इंजिन बंद ठेवून पेडल घट्ट दाबते आणि मिनिटभर धरते. मी बाहेर घड्याळ घेऊन उभा. पाऊल जागेवर राहिले तर ती नुसती उतरून आत जाते. या गणपतीच्या सकाळी चाळीस सेकंदांनी ती म्हणाली, "जातंय." मागचे डावे चाक पुन्हा उघडावे लागले, आणि आरतीला जायची वेळ होत आली, म्हणून नखे राहून गेली.