जुन्या सेडानचे लोअर आर्म : निर्मलच्या वाटेवर निघण्यापूर्वी

कल्याणहून निघालेला रस्ता माळशेज घाट चढून अहिल्यानगर, परभणी, नांदेड, भोकर आणि भैंसा करीत तेलंगणातील निर्मलला पोहोचतो. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २२२ म्हणून ओळखला जाणारा हा मार्ग निर्मललाच संपत असे. आज तो क्रमांक ६१ चा भाग आहे. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग त्याला इथेच भेटतो. लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते; त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ते नव्या जिल्ह्याचे मुख्यालय झाले. गोदावरीकाठचे बासरचे सरस्वती मंदिर याच जिल्ह्यात आहे आणि मुलांच्या अक्षरारंभासाठी मराठी कुटुंबेही तेथे जातात.

गोव्यातून या बाजूला निघालेल्या गाडीला आधी चोर्ला किंवा अनमोडचा घाट चढावा लागतो. पुढे मराठवाड्यातील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या डांबराला लाटा आणते. गावोगावचे गतिरोधक आहेतच. निर्मलच्या उत्तरेला सातमाळा रांगेतील महबूब घाटाची वळणे आहेत, आणि मे महिन्यात या भागात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. नव्या गाडीला या वाटेचे काही वाटत नाही. पंधरा-वीस वर्षांच्या वेगवान सेडानच्या पुढच्या सस्पेंशनची मात्र येथे परीक्षा होते आणि त्यात सर्वांत आधी उघडे पडतात ते लोअर आर्म.

आर्मचे काम

उदाहरणादाखल पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया घ्यावी. २००१ पासून ही गाडी औरंगाबादजवळच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या, शेंद्रा येथील कारखान्यात जोडली जाऊ लागली. २००४ मध्ये तिची आरएस ही वेगवान आवृत्ती भारतात आली. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि सुमारे १५० अश्वशक्ती यांमुळे ती हौशी चालकांत लोकप्रिय झाली आणि तिच्या कित्येक गाड्या आजही जपून ठेवलेल्या दिसतात.

या गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकाला वरून शॉकअप व स्प्रिंगचा खांब आणि खालून एक त्रिकोणी लोअर आर्म धरून ठेवतो. आर्मचे आतले टोक दोन रबरी बुशांनी सबफ्रेमला जोडलेले असते, तर बाहेरचे टोक बॉल जॉइंटने नकलला, म्हणजे चाकाचे बेअरिंग ज्यात बसते त्या भागाला. चाक वर-खाली होऊ द्यायचे, पण पुढे-मागे किंवा आत-बाहेर सरकू द्यायचे नाही, हे आर्मचे काम. ब्रेक दाबताच चाक मागे ओढले जाते आणि तो ताण मुख्यतः मागच्या बुशावर येतो. घाट उतरताना वारंवार ब्रेक लावावा लागतो. बुश फाटलेला असेल तर दर वेळी चाकाची दिशा किंचित बदलते आणि चालकाला स्टिअरिंगने ती सावरावी लागते.

बिघाड ओळखताना

गतिरोधकावरून जाताना खालून येणारा 'खट' असा आवाज, ब्रेक लावताच गाडीचे एका बाजूला ओढणे, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सतत दुरुस्त करावे लागणे आणि टायरची आतली कड लवकर झिजणे ही नेहमीची लक्षणे होत. मात्र केवळ आवाजावरून आर्म बदलण्याचा निर्णय घेऊ नये. स्टॅबिलायझरची लिंक किंवा खांबाच्या वरचे माउंट झिजले तरी असाच आवाज येतो.

खात्रीची तपासणी गाडी उचलूनच होते. चाक अधांतरी असताना टायरखाली पहार लावून हलकेच उचलावे. बॉल जॉइंटमध्ये वर-खाली हालचाल दिसली तर तो संपला असे समजावे. पहार आर्म आणि सबफ्रेम यांच्यामध्ये घालून बुशावर ताण दिला की रबरातील चिरा उघडतात. चाक डावी-उजवीकडे धरून हलवताना खेळ जाणवला, तर दोष बहुधा टाय रॉडच्या टोकात असतो. बॉल जॉइंटवरचे रबरी टोपण फाटलेले असणे हाही पुरेसा इशारा आहे. आत शिरलेले पाणी आणि धूळ उरलेले ग्रीस फार दिवस टिकू देत नाहीत. बुश खराब झाला तर गाडी त्रास देते, पण बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवे पडते आणि गाडी चालकाच्या हाती राहत नाही. म्हणून बॉल जॉइंटच्या बाबतीत 'पुढच्या खेपेला पाहू' हे उत्तर चालत नाही.

सुटे भाग निवडताना

एकाच नावाच्या गाडीला वर्षानुसार वेगवेगळ्या बनावटीचे आर्म असू शकतात. त्यामुळे भाग मागवताना चासिस क्रमांक द्यावा. बुश स्वतंत्रपणे बदलता येतात, पण त्यासाठी प्रेस लागतो आणि मागच्या बुशाच्या पोकळ्यांची दिशा ठरलेली असते. ती चुकली तर नवा बुशही लवकर फाटतो. आर्म जुना आणि गंजलेला असेल तर बुश बसवलेला पूर्ण नवा आर्म घेणे सोयीचे. दोन्ही बाजूंचे आर्म एकाच वेळी बदलावेत. पॉलियुरेथेनचे बुश अधिक काळ टिकतात आणि स्टिअरिंग नेमके करतात. मात्र रस्त्याचा प्रत्येक खडा गाडीत जाणवू लागतो आणि ग्रीस कमी पडले की ते करकरतात. कुटुंबासह लांबच्या प्रवासाला जाणाऱ्या गाडीसाठी मूळ पद्धतीचे रबरच योग्य.

बदलण्याचा क्रम

गाडी सपाट जमिनीवर उभी असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. या आकड्याचे महत्त्व शेवटी कळते. त्यानंतर गाडी उचलून जॅक स्टँडवर घ्यावी. केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली जाऊ नये. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत आर्मचे बोल्ट गंजून जखडतात, म्हणून आदल्या रात्रीच त्यांवर गंज सोडवणारे तेल मारावे.

स्टॅबिलायझरची लिंक दोन्ही बाजूंनी सोडली की आर्म मोकळा हलतो. बॉल जॉइंट आर्मला बोल्टने जोडलेला असेल, तर त्याची मूळ जागा खुणेने नोंदवावी. आर्म सुटल्यावर नकल बाहेर लोंबकळू देऊ नये; त्याने ॲक्सलचा सांधा ताणला जातो आणि ब्रेकच्या रबरी नळीवर भार येतो. काही गाड्यांत आर्मच्या पुढच्या बोल्टसमोर गिअरबॉक्स येतो. तेथे बोल्ट ठोकण्यापेक्षा इंजिन किंवा सबफ्रेम थोडी सरकवणे हाच मार्ग असतो.

जे बोल्ट ठरावीक दाबानंतर आणखी काही अंश फिरवून आवळायचे असतात, ते आवळताना ताणले जातात. असे बोल्ट पुन्हा न वापरता नवेच घ्यावेत आणि दाबाचा आकडा त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतूनच पाहावा.

बोल्ट कोणत्या उंचीवर आवळायचा

नवे आर्म काही महिन्यांतच खराब होतात, ही तक्रार नेहमी ऐकू येते आणि दोष सुट्या भागाला दिला जातो. पुष्कळदा चूक बसवण्यात असते. बुशाचे रबर आतल्या धातूच्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटवलेले असते. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी पक्की होते. त्यानंतर आर्म जितका फिरेल तितके रबर पिळते. गाडी उचललेली, चाक खाली लोंबलेले अशा अवस्थेत बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबराला पीळ बसतो. उभ्या गाडीतही तो सुटत नाही. पुढच्या प्रत्येक खड्ड्यात पीळ वाढतो आणि उन्हाने कडक झालेले रबर फाटते.

म्हणून गाडी वर असताना बोल्ट केवळ हातघट्ट करावेत. मग नकलखाली जॅक लावून, आधी मोजलेले अंतर पुन्हा जुळेपर्यंत चाकाची बाजू उचलावी आणि त्याच उंचीवर टॉर्क रेंचने शेवटचे आवळावे. या कामाला फार तर पाच-दहा मिनिटे लागतात. नव्या बुशाचे आयुष्य बव्हंशी त्यांवरच ठरते. गॅरेजमध्ये काम देताना मेस्त्रीला हे आधीच सांगावे. कुशल मेस्त्रीला त्याचा राग येत नाही.

प्रवासाला निघण्यापूर्वी

आर्म बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घेणे अनिवार्य आहे. ते न केल्यास नवे टायरही हजारो किलोमीटरच्या प्रवासात एका कडेने झिजतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढते. २००४ ची गाडी २०१९ व २०२४ असे दोनदा या तपासणीतून गेलेली असेल. पण ती तपासणी त्या दिवसापुरती खरी. दोन तपासण्यांमधली पाच वर्षे मालकाच्या हाती असतात.

काम प्रवासाच्या आदल्या दिवशी नव्हे, किमान दोन आठवडे आधी करावे. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाकांचे बोल्ट पुन्हा तपासावेत आणि एकदा चोर्ला घाट चढून-उतरून यावे. काही चुकले असेल तर ते घराजवळ, ओळखीच्या गॅरेजच्या हद्दीत कळते. भैंसा आणि निर्मल यांच्यामध्ये संध्याकाळी आवाज सुरू झाला, तर बंद झालेल्या मॉडेलचा आर्म तेथे लगेच मिळेल, असे गृहीत धरता येत नाही.