हू केम फर्स्ट
‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडचे गिटारवादक व गीतकार पीट टाउनशेंड (जन्म १९४५) यांचा पहिला एकल अल्बम (१९७२). प्रेरणास्थान आध्यात्मिक गुरू अवतार मेहेरबाबा (१८९४–१९६९). त्यांची समाधी अहिल्यानगरजवळ अरणगावच्या मेहेराबाद टेकडीवर आहे. बाबाप्रेमींसाठी मोजक्या प्रतींत काढलेल्या ‘हॅपी बर्थडे’ (१९७०) व ‘आय ॲम’ (१९७२) या ध्वनिमुद्रिकांतून हा अल्बम आकाराला आला. घरच्या स्टुडिओत बहुतेक वाद्ये टाउनशेंड यांनी स्वतः वाजवली; रॉनी लेन, बिली निकोल्स, कॅलेब क्वे या मित्रांचाही सहभाग होता. ‘परवरदिगार’ हे गीत बाबांच्या प्रार्थनेवर आधारलेले आहे. जिम रीव्ह्ज यांनी गाजवलेले एक गीत बाबांचे आवडते म्हणून घेतले. मुखपृष्ठावर टाउनशेंड अंड्यांवर उभे दिसतात. रॉकच्या गजरातून उमटलेला हा भक्तिस्वर आजही हृद्य वाटतो.